चार दहाचा कावळा

आमच्या गल्लीत सूर्य उगवतो तो समोरच्या मावशींना विचारून, आणि मावळतो त्यांच्या वहीत सही करून. खोटं वाटत असेल तर परदेशीपुऱ्यात आमच्या गल्लीत या आणि सोळंकी भाभींना विचारा, की तुमच्या स्वयंपाकघरात ऊन किती वाजता येतं. भाभी उत्तर देणार नाहीत, समोरच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतील. तिथे मावशींकडे एक लांबट वही आहे आणि तिच्यात गल्लीतल्या प्रत्येक खिडकीचं ऊन महिनावार, मिनिटासकट लिहिलेलं आहे.

मावशी माझ्या नात्यातल्या कुणी नाहीत. त्यांचे आजोबा महूच्या पलटणीत होते आणि त्या स्वतः तीसेक वर्षं एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काचेच्या नळ्या कापत होत्या. आजोबांकडून त्यांना घड्याळ मिळालं आणि लॅबकडून काच. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका तीर्थयात्रेला गेल्या, मावशी काचा कापत घरी बसल्या. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या कडेला तांब्याची पट्टी चिकटवायची आणि सोल्डरने जोडून मासे, पतंग, पिंपळपानं, चहाच्या किटल्या करायच्या. जग त्याला स्टेन्ड ग्लास म्हणतं, मावशी ‘काचकाम’ म्हणतात. रविवारी सकाळी विहाराच्या हॉलमध्ये त्या हे फुकट शिकवतात. तिथे पहिला महिनाभर फक्त सरळ रेष कापायची असते. "मासा नंतर. आधी रेघ. रेघ चुकली की मासा लंगडा होतो," असं त्या निवृत्त जोशी सरांनासुद्धा सुनावतात, आणि सर वर्गातल्या मुलासारखे खाली बघतात.

काच मिळवणं मात्र सोपं नाही. आमचं शहर स्वच्छतेतला देशातला पहिला नंबर टिकवायला इतकं कडक आहे, की कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि फुटकी बाटलीसुद्धा तिच्या ठरलेल्या डब्यातच जाते. मावशी त्या गाण्याच्या पहिल्या ओळीला चपला घालतात आणि दुसऱ्या ओळीला गाडीपाशी असतात. मागच्या वर्षी एका गडद निळ्या बाटलीवरून भर गल्लीत जुंपली होती.

"भिया, वो नीली वाली इधर दे."

"मौसीजी, आपके चक्कर में शहर का नंबर चला जाएगा," गाडीवाला कळवळून म्हणाला.

"नंबर गया तो मेरा नाम बता देना. ला इधर."

बाटली मावशींना मिळाली.

पण त्यांचा खरा दरारा आहे तो भेटवस्तूंचा. लोक भेट देतात आणि विसरतात. मावशी भेट देतात आणि तपासणीला येतात. मुळात भेट कुणाला द्यायची हे माणूस बघून ठरत नाही, खिडकी बघून ठरतं. गल्लीतल्या एका मुलीच्या लग्नात त्या आहेर न देताच जेवून आल्या, कारण नवरामुलगा भाड्याच्या घरात होता आणि ते घर अजून त्यांनी पाहिलं नव्हतं. आठ महिन्यांनी पाहिलं. पूर्वेची खिडकी निघाली, तेव्हा कुठे जोडप्याला पतंग मिळाला. भेट दिल्यावर त्या पंधरा दिवसांनी, त्या खिडकीच्या ठरल्या मिनिटाला, न कळवता दारात उभ्या राहतात. एकदा सोळंकी भाभींनी पाहुणे यायचे म्हणून आपली किटली स्वयंपाकघरातून काढून दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली टांगली. मावशी आल्या, बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "भाभी, ट्यूबलाइटखाली काच म्हणजे सेव नसलेले पोहे." किटली त्याच मिनिटाला जागेवर गेली. तेव्हापासून भाभींचे पाहुणेच आधी स्वयंपाकघरात नेले जातात.

डिसेंबरातल्या एका रविवारी खिडक्यांची फेरी असते, तीही मावशींचीच कल्पना. हॉलमध्ये प्रदर्शन भरवण्याऐवजी लोकांनीच घरोघर जायचं, ऊन जाईल तसं. आठ दहाला सोळंकी, स्वयंपाकघर. नऊ पंचवीसला जोशी सर, जिना. असं चालत चालत संध्याकाळपर्यंत. परदेशीपुऱ्याबाहेरचेही लोक येतात. या फेरीचं वेळापत्रक मी टाइप करते, कारण माझं काम कॉम्प्युटरवर असतं आणि मी कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायलाही बोलावं लागतं. तीन वर्षं मी गल्लीतल्या बाकीच्या घरांची नावं ओळीने टाइप केली. आमचं नाव त्यात नव्हतं. माझी खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला. तिथे ऊन येत नाही. मी पडदाही लावलेलाच ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, स्क्रीनवर उजेड येतो.

मला त्या यादीत यायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. फक्त तिसऱ्या वर्षी वेळापत्रक द्यायला गेले तेव्हा मावशींच्या टेबलावरच्या एका माशाकडे जरा जास्त वेळ बघितलं असेन.

"तुला काय देऊ गं?" त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तुझ्याकडे ऊनच नाही."

"नाही, असू दे, मी सहजच…" मी म्हटलं आणि जिना उतरले.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर त्या वही घेऊन आमच्याकडे आल्या. "तुझ्या खोलीत बसते जरा," म्हणाल्या, आणि तीन दिवस बसल्या. मी काम करायची, त्या भिंतीकडे बघायच्या. आई दर दोन तासांनी चहा आणायची आणि जाताना माझ्याकडे बघून भुवया उडवायची. तिसऱ्या दिवशी मावशींनी वही मिटली. "अंधार एकदम एक नंबर आहे. कुठूनही गळत नाही," असं कौतुकाने म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, संपलं.

दोन आठवड्यांनी त्या एक काचेचा कावळा घेऊन आल्या. गडद निळा. ती बाटली मी लगेच ओळखली.

"कावळाच का?" मी विचारलं.

"कावळा कुणाला लाजतो का? कुठेही बसतो, मोठ्याने बोलतो. टांग. आणि चार वाजून दहा मिनिटांनी पडदा उघडा पाहिजे. रोज. अट एवढीच."

दुसऱ्या दिवशी चार दहाला मी पडदा सारला, मावशींचं मन राखायला. आणि उत्तरेकडून ऊन आलं. खोलीभर निळं. मी डोळे बारीक करून वर बघितलं, तर समोर तिसऱ्या मजल्यावर मावशी. त्यांनी जुन्या कपाटाचा आरसा खिडकीच्या झडपेवर बसवला होता आणि ऊन सरकेल तशी झडप दोन्ही हातांनी तसूतसूने सरकवत होत्या. वीस मिनिटं. मग खाली बघून एक हात हलवला आणि आत गेल्या. रोज.

त्या वर्षी मी टाइप केलं : चार दहा, पहिला मजला, उत्तरेची खोली. फेरीला पंचवीस माणसं माझ्या खोलीत शिरली आणि मला कळलं, की माहिती सांगायला मावशी इथे असणार नाहीत. त्या आरशापाशी होत्या. "मौसीजी कहाँ हैं?" कुणीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी समोर बोट दाखवलं आणि म्हटलं, "वहाँ. ऊन त्या पाठवतायत." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण बोलले. लोकांनी खिडकीशी गर्दी करून टाळ्या वाजवल्या. मावशींनी रागावून खूण केली, बाजूला व्हा, ऊन अडतंय.

जानेवारीत मावशी आपल्या मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या. जाताना मला घराची किल्ली दिली. "खुणा केल्यात. कावळा उपाशी राहायला नको."

पहिले चार दिवस मी गेले नाही. चार दहाला पडदा उघडायची, खिडकीतला कावळा काळा दिसायचा, पडदा लावून टाकायची. पाचव्या दिवशी मावशींचा जिना चढले. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, प्रत्येकीपाशी तारीख आणि मिनिट. झडप पहिल्या खुणेवर आणली. उन्हाचा तुकडा गल्ली ओलांडून बरोबर माझ्या खिडकीवर पडला, आणि पडला तो पडद्यावर. सवयीने मीच लावून आले होते. झडप सोडली तर ऊन जाणार. फोन घरी राहिलेला.

मग मी ओरडले. "आई! पडदा!"

खाली भाजीवाला थांबला. सोळंकी भाभी बाहेर आल्या. त्यांनी माझा आवाज बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. "अरे, ये तो अपनी गुड़िया है!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनीही खालून आईला हाक दिली, "भाभी, परदा!"

आईने पडदा सारला. मावशींच्या खिडकीतून माझी खोली आरपार दिसत होती : टेबल, कॉम्प्युटर, भिंत, खुर्ची. उन्हाबरोबर निळा कावळा आत गेला आणि खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसला. मी झडप धरून उभी होते, खुर्ची रिकामी होती. मावशींना रोज तिथे मी दिसत असेन.