आवाज चढवू नये

चाकणच्या माझ्या शेडमध्ये मला महिन्यातून एकदाच, तेही आदल्या दिवशी फोन करून, जाता येतं. शेड मी बांधली आहे. हेल्पर म्हणून लागलो होतो, तिथपासून ओव्हरटाइम करकरून!

आधीचा भाडेकरू मध्येच सोडून गेला. (माझा दोष काही नव्हता. भिंतीला खिळा ठोकला म्हणून चार शब्द बोललो. ते त्याच्या गिऱ्हाइकासमोर बोललो, एवढंच.) शेड रिकामी पडली. कितीतरी दिवसांनी एक बरी कंपनी आली, तर त्यांचं म्हणणं, कराराचा मसुदा आम्ही एका सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, दोन्ही बाजूंनी बदल आणि शेरे त्यातच लिहायचे. म्हणजे समोरासमोर बसणं नाही, टेबलावर हात आपटणं नाही. असला कसला सौदा!

दुसऱ्या मसुद्यात लाल रंगात एक नवं कलम उगवलं: मालकपक्षाने महिन्यातून एकदाच, आदल्या दिवशी कळवून शेडमध्ये यावे आणि आवाज चढवू नये.

माझं डोकंच फिरलं. बाजूला शेरा ठोकला, 'रोज येणार.' लगेच खाली उत्तर, 'महिन्यातून एकदा.' मी आठवड्यावर आलो. 'महिन्यातून एकदा.' पंधरवड्यावर आलो, वर आवाजाचं तेवढं काढा म्हणालो. उत्तर आलं, 'आवाजाचं तर राहणारच.' (लिहिणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरात येतं म्हणे. पण सौद्यात मी समोरच्याचं नाव बघत नाही, आकडा बघतो.)

जेवताना बायकोला, सुलभाला, म्हणालो, "समोर कोणीतरी कसलेला गडी बसलाय. इंचभर हलत नाही."

"असेल," म्हणत तिने मोबाइल पालथा ठेवला आणि भाकरी वाढली.

सकाळी निगडीहून तडक कंपनीच्या ऑफिसात. कलम काढा नाहीतर करार मोडला, असं मॅनेजर देशमान्यांना उभ्या उभ्या सुनावलं. त्यांनी आधी पाणी दिलं. मग जुना आणि नवा मसुदा स्क्रीनवर शेजारी शेजारी लावला.

"काका, निळे बदल आमचे. लाल तुमच्याकडचे."

लालवर क्लिक करताच नाव उघडलं: सुलभा.

टॅक्स वाचेल म्हणून शेड तिच्या नावावर करायची शक्कल माझीच! त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी मालक ती. बदल करायचा हक्क तिला, मला नुसते शेरे मारायचा.

तिथूनच फोन लावला.

"अहो, मागच्याला तुम्ही पळवलंत," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांना तरी टिकू द्या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात देशमाने म्हणाले, "खरं सांगू का काका, मागच्या भाडेकरूकडे आम्ही चौकशी केली होती. हे कलम आलं म्हणून तर आमचे साहेब तयार झाले."

मी फोन खिशात घातला.

सह्यांच्या आधी मी शेवटचा शेरा लिहिला, 'हे कलम मला मान्य नाही.' सुलभाने तो निकाली काढला आणि करारावर साक्षीदार म्हणून माझीच सही घेतली.