गिरजाची अट

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पाणी भरायचं. पडेगावात नळ रोज येत नाही. मी नळाला पाइप लावलेला, दुसरं टोक गिरजानं ड्रममध्ये धरलेलं आणि कानाला फोन. पलीकडं कंपनीचा साहेब गोड बोलत होता, एका सहीचा तर प्रश्न आहे म्हणून. गिरजा म्हणाली, "सही माझी हाय, माल सगळ्यांचा हाय. ठेवा फोन, ड्रम भरला."

गिरजा, माझी बायको, मेंढपाळाची पोर. वसतिगृहात राहून शिकली, तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायला लागली. मी चौथी पास, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. लग्न लहानपणीच ठरलेलं, तिनं मोडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "ह्यांना टँकर बोळीतून मागं घेता येतो. शिकलेल्यांना सरळ बी चालता येत नाय."

दुष्काळात टँकर कागदावर निघायचा, वस्तीवर पोचायचा नाही. आमच्यातलेच काही बहाद्दर धाब्यावर बसून 'खेप झाली' लिहायचे. गिरजानं मोबाइलवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिलं. टँकर वस्तीवर उभा राहिला की तिथल्या बाईच्या फोनवर यायचं, "पाणी आलं का, माय?" तिनं 'व्हय' दाबलं तरच खेप धरायची. ड्रायव्हर मला म्हणायचे, "तुझ्या बायकोनं आमचा चहा तोडला."

ते सॉफ्टवेअर तिनं आतल्या लिखाणासकट (ती त्याला कोड म्हणायची) नेटवर ठेवलं. कुणीही न्या, बदला, विका. अट एकच, बदललेलं दुसऱ्याला दिलं तर त्याचं आतलं लिखाणही असंच उघडं द्यायचं. मला उमजेना. ती म्हणाली, "आवो, गावानं देवाच्या नावानं वळू सोडला, तर तो कुणाच्या बी गाईचा. पण एखाद्यानं त्याला आपल्या दावणीला बांधला, तर गाव त्याला जोड्यानं मारंल का नाय?" तेव्हा उमजलं. पाचोडच्या एका मास्तरांनी त्यात जनावरांच्या पाण्याचा हिशोब घातला, अशी अनेकांची भर पडली.

पुढं शहर पसरलं. शेतात इमारती आल्या, नळ आले नाहीत. एका कंपनीनं गिरजाचंच सॉफ्टवेअर उचललं, नाव बदललं, आतलं कुलपात घातलं आणि सोसायट्यांना विकायला सुरुवात केली. चोर तरी धड असावेत! बाराव्या मजल्यावरच्या बाईलाही त्यांचा फोन विचारत होता, "पाणी आलं का, माय?"

गिरजानं जाब विचारला तेव्हा साहेब घरी आला. आमचं पाणी प्यायला नाही, स्वतःची बाटली काढली. तिथंच माणूस कळला.

"मॅडम, आम्हाला वेगळा परवाना लिहून द्या. मग अट आम्हाला लागू नाही. मालक तुम्हीच ना?"

"मास्तरांची भर मी कशी इकू?"

"पण ओपन म्हणजे फुकटच की."

"दार उघडं दिसलं म्हणून घर बेवारस नसतं, साहेब."

साहेब हसला. असलं हसू मी मेलेल्या जनावराचे भाव पाडणाऱ्या दलालाच्याच तोंडावर पाहिलंय. मग गिरजानं शहागंजातल्या वकिलाकडून नोटीस लिहवून घेतली. एक तर आतलं लिखाण उघडा, नाही तर विकणं बंद करा. दुसऱ्या दिवशी ती सही करायला जाणार होती.

ड्रम भरल्यावर गरगरतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही.

संध्याकाळी तिला उचलायच्या वेळी साहेब हार घेऊन हजर. परवान्याचा कागद पुढं करून माझ्या कानाशी लागला, "काका, आता वारस तुम्ही. मॅडमचं काम तेवढं पुरं करू. इथं अंगठा..."

मी म्हणालो, "खांदा द्यायला आलास का अंगठा घ्यायला?"

जमलेल्या लोकांनी ऐकलं. साहेब गाडीत बसला. हार मी नालीत टाकला.

सकाळी मी कपडे घातले. मेव्हणी दारात आडवी आली, "दाजी, सुतकात कुठं निघालात? लोक काय म्हणतील?" म्हणू दे म्हटलं. शहागंजला गेलो, नोटिशीत तिच्या जागी माझं नाव घाला म्हणून वकिलाला सांगितलं.

वकील म्हणाला, "बाबा, दहावं तरी होऊ द्या."

"साहेब एक रात्रसुद्धा थांबला नाही, मी कशाला थांबू?" म्हटलं, आणि सही केली.