सोड म्हटलं की सोडायचं

आमच्या बोरिवलीच्या मंगळागौर ग्रुपमध्ये शर्मिष्ठाइतका खणखणीत आवाज कुणाचा नाही. वय सत्तेचाळीस, शिकवते गणित आणि उखाणे उभ्या उभ्या रचते. पण सात वर्षांत तिने एकदाही फुगडी घातली नव्हती. आम्ही फुगडीत मनगटं धरतो, आणि मनगट कुणी धरलं की तिचा श्वास अडकतो.

कारण तिनेच मला सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता. एकोणिसाव्या वर्षी ओळखीतल्याच एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला होता. "मी सोड, सोड म्हणत होते गं," ती म्हणाली. माझं डोकं असं फिरलं की हातातली बशी ओट्यावर आपटली.

"जयंती, बशी माझी आहे," ती म्हणाली.

तिने स्वतःपुरत्या युक्त्या काढल्यात. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसते. लिफ्टमध्ये एकटा पुरुष असला तर पाच मजले चढते, आणि वर येऊन आम्हालाच व्यायामावर भाषण देते. दर मंगळवारी समुपदेशक बाईंकडे जाते. त्याला ती 'डोक्याची सर्व्हिसिंग' म्हणते. वाईट दिवस अजूनही येतात. त्या दिवशी ती फोन उचलत नाही, आणि मी दाराला डबा अडकवून परत येते.

यंदा श्रावणात, स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना, माझी फुगडीची जोडीदारीण तेजल गुडघा धरून बसली. "वाट लागली," ग्रुप चालवणाऱ्या प्रेमाताई म्हणाल्या.

"मी घालते," शर्मिष्ठा म्हणाली. "लहानपणी घालायचे तशी एकदा बेभान फुगडी घालायचीय मला. फक्त एक अट. मी सोड म्हटलं की जयंतीने त्याच क्षणी सोडायचं."

"अगं, पडू ना!"

"पडू."

सरावात सोड म्हणायची वेळच आली नाही. पहिल्या दिवशी नुसती बोटं धरली, मग तळवे, शेवटी मनगटं. प्रेमाताई खूश, आता बक्षीस आपलंच.

स्पर्धेत फुगडी अशी रंगली की अख्खा हॉल टाळ्या पिटत होता. घामाने हात निसटतील म्हणून मी पकड आवळली.

"सोड!"

मी सोडलं. नऊवारीसकट मी एकीकडे, ती दुसरीकडे. हॉलभर हशा, आणि प्रेमाताई कपाळाला हात लावून ओरडल्या, "मध्येच कशाला सोडलंस गं?"

"ती म्हणाली सोड!"

कंबर धरून मी तिच्याकडे धावले. मला वाटलं, झालं, पोरगी आता रडणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतंच, पण ती फतकल मारून खो खो हसत होती.

"सोडलंस गं! लगेच सोडलंस!"

वेळ संपल्याची घंटा झाली, बक्षीस गेलं. शर्मिष्ठा उठली, पदर खोचला आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"चल. आता धर. घट्ट धर."