शंभर वातूंची नोट

"भाव उना का, भाऊ?"

अमळनेरच्या बँकेत माझ्या खिडकीशी नाना हेच विचारत. आधी उपरण्याने फळी पुसायची, मग खिशातून नोट काढून तळहाताने सपाट करायची. नोट शंभर वातूंची. वानुआतू नावाच्या देशाची.

नानांचा मुलगा बोटीवर खलाशी होता. त्या देशाच्या बंदरातून त्याने पत्रात ही नोट घालून पाठवली, 'मोडून आईला लुगडं घ्या.' पुढे पत्र आले नाही. बोटीच्या कंपनीनेही उत्तर दिले नाही.

मुंबईहून येणाऱ्या यादीत डॉलर असे, येन असे, वातू कधीच नसे. मी म्हणायचो, "नाही आला, नाना."

नानांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर गेलेली. "कापूसना भाव रोज येस, मंग यानाच कसा येत नहीं?" नोटेच्या मागे गुरे होती. ती दाखवून म्हणायचे, "वशिंड नहीं शे, पन ढोरं शेतस. ढोरं शेतस तठे मानूस उपाशी मरत नहीं."

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. मुलाची घागर भरा म्हणून भाऊबंद दर वर्षी नानांच्या मागे लागत. नाना ऐकत नसत. "त्यानं सांगेल लुगडानं काम बाकी शे. जठलगून काम बाकी, तठलगून घागर नहीं."

पाच वर्षांनी माझी धुळ्याला बदली झाली. आता यांना कोण रोज 'नाही' म्हणणार, या विचाराने मला फार वाईट वाटले. शेवटच्या दिवशी मी सांगून टाकले, "भाव आला, नाना." खिशातले पन्नास रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि नोट घेतली. मला आपले वाटले, पुण्य केले.

पुढच्या अखाजीला अमळनेरला आलो, तसा त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या पत्नी, काकू, नवे हिरवे लुगडे नेसून भिंतीशी बसल्या होत्या. समोर मातीची नवी घागर, वर डांगर. नाना तिच्यावर कुंकवाची बोटे ओढत होते.

मी पाकिटातून नोट काढून त्यांच्यापुढे धरली. "नाना, मी खोटं बोललो. भाव आलाच नव्हता."

त्यांनी नोटेकडे पाहिले. सवयीने उपरण्याकडे हात गेला आणि तिथेच थांबला.

"आते घागर भरी ग्यी, भाऊ," ते म्हणाले.

नोट त्यांनी घेतली नाही. नाना जाऊनही बरीच वर्षे झाली. ती नोट अजून माझ्याकडेच आहे.