फुलंब्रीला जाणारी फियाट

फाटकाची कडी वाजली की काका आधी गाडीवर ताडपत्री ओढायचे, मग विचारायचे, "कुणी पाठवलं?" मी गणपतीचा प्रसाद घेऊन गेलो तरी हेच! म्हटलं, "अहो, गणपतीनं पाठवलं." हसले नाहीत.

सिडकोत ते आमच्या शेजारी राहायचे. कारखान्यातून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. जुन्या फियाटचं इंजिन काढून त्यांनी अंगणात टाकलं आणि भंगारातून आणलेली फोर्कलिफ्टची, बॅटरीवर चालणारी मोटर तिथं बसवायला घेतली. का, तर काकूंना पेट्रोल-डिझेलचा वास सोसत नाही. बस म्हणू नका, जीप म्हणू नका, बसल्या बसल्या उलटी. त्यांची आई तिकडं फुलंब्रीत अंथरुणाला खिळलेली, लेकीची वाट बघतेय. आणि तासाभराच्या वाटेवर लेकीला जाता येईना.

आता तुम्हीच सांगा, सासुरवाडीसाठी कुणी एवढा खटाटोप करतं का? आमच्या गल्लीला काही पटेना. त्यात दुष्काळाचं वर्ष. टँकर आला की हंड्यांवरून भांडणं, आणि यांच्या घरात पाण्याचे कॅन गुपचूप जाताना दिसलेले. म्हातारा पाणी विकतोय, असं आम्ही ठरवूनच टाकलं. जाब विचारायला गेलो, तर काकांनी कॅनचं झाकण उघडून पुढं धरलं. "बॅटरीत घालायचं पाणी आहे. प्या की, लई गोड लागतं!"

कुणी प्यालं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप. "पाण्याचं नुसतं निमित्त, मोटर बघायला आले होते," असं काकूंना म्हणाले म्हणे.

अखेर एका सकाळी फियाट निघाली. आवाज नाही, धूर नाही. मागच्या सीटवर बॅटऱ्या, पुढं काकू, नवं लुगडं नेसून. मला भरून आलं. तरी "वेशीवरच्या हर्सूलच्या पुढं काय जात नाही," असं मी बोललोच.

गेली की! पण परत यायला चार्जिंग हवं, आणि तिथं चार्जरच बंद पडला. दोघं आठवडाभर अडकले. आल्यावर काका धुसफुसत होते, "मेव्हण्यानं हात लावला असणार. मला माहीत नाय व्हय!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकूंची आई गेली. पुढं काही वर्षांनी काकाही गेले. काकूंना भेटायला गेलो तेव्हा मी त्या चार्जरचा विषय काढला. बिचाऱ्या मेव्हण्यानं खरंच काय केलं होतं?

"त्यानं काय नाय केलं," काकू म्हणाल्या. "चार्जरचा फ्यूज ह्यांच्याच खिशात होता. शर्ट खुंटीला लावताना माझ्या हाताला लागला."

"मग?"

"मग काय? मी गपचूप परत खिशात ठेवला आणि आईपाशी जाऊन बसले."