निजल्या देवाचं बोट

छबुबाई म्हातारपणापर्यंत हसत कबूल करायच्या, की भिवराबाईला पहिल्यांदा शिवताना बघितलं तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई म्हणजे एक नंबरची कामचुकार. सांगताना इतकं हसायच्या की डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग पदर शोधत बसायच्या.

आता तुम्हीच सांगा, दुसरं कुणाला काय वाटलं असतं? आष्टीत सुंदररावांच्या घरी लेकीचं, अंजनाचं, लग्न निघालेलं. वाकळी शिवायला गावातली म्हातारी भिवराबाई बसवलेली. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची आणि कडेपासून आत आत टाके घालत जायचं, असं ते काम. आणि ही बाई सुईतला दोरा संपला की उठायची. गुडघ्यावर हात देऊन सावकाश दारापर्यंत जायची, उंबऱ्यावर उभी राहून तंबाखू मळायची अन् वाकळीकडं बघायची. मग परत येऊन दोरा ओवायची. पुन्हा दोरा संपला, पुन्हा दार.

"शिवती कमी अन् फिरती जास्त," छबुबाईंनी नवऱ्याला, सुंदररावांना, वाढताना गाऱ्हाणं घातलं. "अशानं अंजीच्या लेकराच्या बारशाला तरी वाकळ व्हईल का?"

यात थोडी लबाडी होतीच, झाकायचं कशाला. नगरच्या एका दुकानात त्यांनी हातानं फिरवायचं शिलाई मशीन बघितलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या कानात त्याचीच कटकट घुमत होती. शेवटी सुंदररावांनी ते आणलं, येताना करोडगिरीच्या नाक्यावर निजामाची जकात भरली, आणि घरात आल्या आल्या त्याच्यावरच पाणी प्यायचा तांब्या ठेवला. छबुबाईंनी तो उचलला. घरातली भांडी सासूची, दागिने पेटीत, पेटीची किल्ली नवऱ्याकडं. आपली स्वतःची म्हणावी अशी ही पहिली वस्तू.

मग काय, बाई हवेतच. लग्नात आचाऱ्याभोवती लावायची कनात मीच शिवणार, म्हणाल्या. रंगीत कापडाचे उभे पट्टे, प्रत्येकाच्या वरच्या टोकाला बांबू ओवायचा फासा, आणि पट्ट्याला पट्टा जोडत जायचं. मूठ फिरवली की सुई पळायची. छबुबाईंची नजर सुईवरून हलेना. कुणी हाक मारली तर ऐकू येईना, दूध उतू गेलं तरी वास येईना. टाका असा सरळ, की बघत राहावं.

हळदीच्या चार दिवस आधी गड्यांनी कनात उभी करायला घेतली. निम्मे फासे वर, निम्मे खाली. शिवताना पट्टे पायाशी ढीग होऊन पडलेले, जे टोक हाताला आलं ते बाईंनी जोडलेलं. कनात मधेच लोंबली आणि भावकीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

सुंदरराव ओरडले नाहीत. म्हणाले, "कावून आनलं म्या हे? लगीन झालं की धाडून देतो गेवराईला, आक्काकडं. तिकडं शिवनारं हाय कुनीतरी."

छबुबाई मशीनजवळ जाऊन बसल्या. भिवराबाई आली, कनातीचं टोक उचलून टाके बघितले.

"लई सरळ हायेत गं. मला या जन्मात जमायचे न्हाईत."

"मावशी, जखमेवर मीठ नका चोळू."

"मीठ कुठलं. आमच्या घरातल्याची गोष्ट सांगते." घरातला म्हणजे तिचा मेलेला नवरा, त्रिंबक. "सरकारनं अजिंठ्याच्या लेण्याची डागडुजी काढली, तवा गेलता. तितं बुद्धदेव निजल्याला हाय म्हनं, डोंगरायेवढा. ह्याला पाय धुवायला लावलं. वटवाघळाची घान. दिसभर बसून एक बोट घासायचं. मला म्हनला, भिवरे, मला वाटलं भोपळाच घासतोय. मग पानी प्याया दारात गेला अन् वळून बघितलं तर सगळा देव. खाली रडनाऱ्यांची रांग, अन् हा उशीवर गाल ठिवून निवांत."

"मग?"

"मग काय, परत यून बोटच घासलं. पन आता कुनाचं घासतोय ते ठावं हुतं."

छबुबाईंनी विचारलं, "मग दारातच का न्हाई राहिला, सगळं दिसत हुतं तर?"

"मुकादम हुता की तितं दारात. हिकडं राहिलं, तिकडं राहिलं, करीत. त्यानं एक नख सुदिक घासलं न्हाई." भिवराबाईनं उलटे पट्टे उसवायला घेतले. "बस. खालच्या दोऱ्याची फिरकी संपली की मशीन आपुन हून थांबतंय. तवा उठायचं. न्हाई उठलीस तर मी उठवीन."

आणि उठवलंच. फिरकी संपली की दंडाला धरून दारात. पहिल्या दिवशी छबुबाई तिथं उभ्या राहून मशीनकडंच बघायच्या. मग कनात दिसायला लागली. मग एकदा कनातीपलीकडं मेंदीचे हात वर धरून बसलेली अंजना दिसली, आणि दोन-तीन दिवसांनी ही या दारात नसणार हे बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. इतके दिवस सुईच्या नादात त्यांनी पोरीशी धड बोलणं केलं नव्हतं. त्या दुपारी फिरकी भरायला जरा उशीरच झाला.

हळदीला कनात उभी राहिली. सुंदरराव तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि आचाऱ्याला विचारत बसले, कढईला झाकण आहे का. गेवराईचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण सवय ती. लग्नाला महिना झाला नाही तोच छबुबाई उशीचे अभ्रे शिवत होत्या आणि भिवराबाई उंबऱ्यात बसलेली.

"मावशी, समदं खरं, पन दर वक्ताला उठायला कावून पायजे? मान वर केली तरी दिसतंय."

"मान वर केली की म्होरचं दिसतं. आपुन कुटं बसलाव ते दिसत न्हाई."

"तुमाला तंबाखूची तलफ यायची, अन् नाव त्या देवाचं."

"तंबाखू बी हुतीच की."

फिरकी संपली. छबुबाईंनी मुद्दाम बसल्या जागी दुसरी घातली आणि म्हातारीकडं बघत मूठ फिरवली. तेवढ्यात बाहेरून सुंदररावांनी पाणी मागितलं. छबुबाई उठल्या, अर्ध्यातच अडकल्या, आणि मशीन पाटावरून सरकत त्यांच्यामागं निघालं. अभ्र्याच्या कडेला त्यांचा पदर शिवला गेला होता, टाका लई सरळ.

भिवराबाईनं तळहातावरची तंबाखू झटकली.

"बस, बस," ती म्हणाली. "तुला कुटं उठायचं हुतं."