भरलेली शेंग

तुरीच्या ओल्या शेंगा सोलल्या की बोटांना एक चिकट, हिरवा वास राहतो. काल तो वास आला आणि मी मनानं कित्येक वर्षांपूर्वीच्या बुलढाण्याच्या लॅबमध्ये, शिकाऊ मुलींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिले.

समोर एक म्हातारी बसली होती. उन्हात रापलेल्या तिच्या हातावर शीर कुठेच दिसेना. माझ्याआधी दोघींनी टोचून पाहिलं होतं. "काऊन टोचून राह्यल्या वं पोरीहो? माह्यात रगतच नाही राह्यलं," ती म्हणाली. मी स्पिरिटचा बोळा हातात घेतला. तेवढ्यात आमच्या देऊळघाटच्या मळ्यात शेंगा तोडणारी आई आठवली. ती म्हणायची, "डोयानं नोको पाहू, बोटानं पाह्य. भरली असन तं कयते."

मी डोळे मिटले आणि म्हातारीच्या कोपराच्या खोलगटात बोट हळूच दाबत नेलं. एका जागी भरल्या शेंगेसारखं टचटचीत लागलं. सुई तिथेच घातली. सिरिंजमध्ये गडद लाल रक्त चढू लागलं.

"झालं बी?" म्हातारीनं विचारलं.

आम्हाला शिकवणारे सर म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" एवढ्या मुलींसमोर शेंगांचं नाव घ्यायची मला लाज वाटली. "पुस्तकात वाचलं," मी म्हणाले.

आता मीच शिकवते. काल मूठभर शेंगा न सोलता बाजूला ठेवल्या. उद्या नवी बॅच येईल, तेव्हा सुईच्या आधी त्या शेंगा मुलींच्या हातात देईन. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं कोणी विचारलं, तर आईचं नाव सांगेन.